आणे-पै

गगनबावड्याच्या अलीकडं, एसटी वळते तिथून दीड कोस चढ.
सोळा गुंठे. त्यात पोटखराब चार.
सातबाऱ्यावर नावं तेवीस;
नऊ वारलेले, वारसनोंद नाही,
म्हणजे कागदावर अजून नाचणी लावतात.

विहिरीत हिस्सा एक आणा चार पै.
ही नाणी बाजारात कधीच मोडीत निघाली,
पाण्यात चालतात:
आठवड्याला चौदा तास, तेही वीज असली तर.

फणसाचं बूड आमच्यात, सावली गणू खाड्याच्यात.
पडेल तो त्याचा, काढेल तो आमचा.
अर्धवट पिकून लोंबतो, त्यावरून
दोन पिढ्या बोलत नव्हत्या.

परवा मोजणीदार आला, खुंट ठोकून गेला.
रात्री गवा आला,
खाड्याच्या मक्यातनं आमच्या उसात,
एक खुंट खुरानं चिखलात गाडून.

सकाळी दोघं वाकून हुडकत होतो.
“हितं हुता,” गणू म्हणाला.
“न्हाई, हितं.”
मग त्यानं तंबाखू मळली,
निम्मी माझ्या हातावर ठेवली.

रात्री पाळी माझी.
दंडातनं थोडं पाणी तिकडं झिरपत होतं.
खोरं उचललं होतं.
म्हटलं, असंल
पै-दोन पै.