वरकड

साकीनाक्याच्या गाळ्यात आम्ही कुकरच्या शिट्ट्या बनवतो.
म्हणजे बनवतात बाकीचे.
मी पगारपत्रक बनवतो.

टाळेबंदी उठली तेव्हा पगार वीस टक्क्यांनी कापले,
अठरा हजार पाचशेचे चौदा हजार आठशे.
कोणी काही बोललं नाही,
लेथ फिरतोय हेच पुष्कळ होतं.

दीड वर्षाने शेठ म्हणाले, नोटीस लावा:
‘कपात संपली. सर्वांना वीस टक्के वाढ.’
मीच टाइप केली, मीच लावली,
चारही कोपऱ्यांना पिना टोचून, सरळ.
पेढे आले. मी दोन खाल्ले.
टाइप करतानाच मला कळलं होतं.
एकोणतीस वर्षं कॅल्क्युलेटर दाबतोय,
काही हिशेब डोक्याआधी बोटांना कळतात.

सात पगार झाले.
आठव्याला पॅकिंगमधली रेजिना तुस्कानो
चिठ्ठी घेऊन टेबलापाशी उभी राहिली.
‘सतरा हजार सातशे साठ.
माझे सातशे चाळीस कुठं ऱ्हायले?’

मी म्हटलं, बाई, टक्के तेच आहेत,
पाया बदललाय. कापले ते अठरावर,
दिले ते चौदावर.
हे बोलताना मी चष्मा पुसत होतो.

तिने शिट्ट्यांचा ट्रे ओढला.
दहाच्या दहा रांगा लावल्या माझ्या रजिस्टरवर.
वीस उचलल्या.
मग उरलेल्या ऐंशींचे वीस टक्के
ओठ हलवत मोजले, सोळा,
आणि एकेक करून जागेवर ठेवले.
शेवटच्या रांगेत चार जागा रिकाम्या.
त्यांतून रजिस्टरच्या निळ्या रेघा दिसत होत्या.

‘माझ्या बापाचा आगाशीला पानमळा होता,’ ती म्हणाली.
‘त्याचा शेकडा एकशे पाचाचा.
पाच पानं वरकड, वाटेत सुकतील म्हणून.
तुमचा शेकडा शहाण्णवाचा.
पंचवीस लिहायला शाई जास्त लागत होती का?’

मी उत्तर दिलं नाही.
कागद मात्र दिला, कोरा, आणि पेनही.
त्रेचाळीस सह्या झाल्या, त्यांत तीन अंगठे.
चव्वेचाळिसावी करावी की नाही
यावर मी जेवणाची सुट्टी घालवली.
डबा तसाच घरी नेला.

पुढच्या महिन्यात अठरा हजार पाचशे आले.
मागच्या आठ महिन्यांचे पाच हजार नऊशे वीस
आले नाहीत. येणारही नाहीत.
आणि मधल्या काळात तेलाचा डबा
किती टक्क्यांनी चढला, तो हिशेब
अजून कोणी माझ्याकडे मागितलेला नाही.
मी तो करून ठेवलाय.

त्या चार शिट्ट्या माझ्या खणात आहेत.
खण उघडला की गडगडत पुढे येतात.
स्टॉकमध्ये त्या कमी भरतात,
मी दर महिन्याला लिहितो:
सदोष, चार नग.