बाईचा उजवा

बर्फाचा टेम्पो मागे येत होता.
मी टोपली उचलत होते, हात फाळक्याशी.
ड्रायव्हरला मी दिसले नाही, मला तो आरशात दिसला,
आणि मग हर्णैच्या बंदरावर
माझा अंगठा बर्फाच्या चुऱ्यात पडला,
म्हणजे दोनतीन तास तरी नासला नसता.
हे वकिलाला सांगितलं तेव्हा तो हसला नाही.
म्हणाला, द्वारकाबाई, साहेबांपुढे असलं बोलू नका.

तीन वर्षं दापोलीच्या फेऱ्या.
सगळं जपून ठेवा म्हणाले,
एस.टी.चं तिकीट, औषधाची चिठ्ठी, रिक्षाची पावती.
रिक्षावाला मामेभाऊ, तो कसली पावती देतो?
मिळकतीचा पुरावा मागितला.
मी हात पुढे केला, धुतलेला,
म्हटलं वास घ्या.
नाही घेतला.
महिन्याचे पंधरा हजार सांगितले होते,
कागदावर नऊ धरले.

नऊ हजार गुणिले बारा.
वय बेचाळीस, म्हणून गुणिले चौदा.
अंगठा म्हणजे शेकडा तीस.
चौदा कशाचे, मी विचारलं.
तुमच्या कमाईच्या वर्षांचा हिशेब, वकील म्हणाला, कोष्टक असतं.
माझी आय एकोणऐंशीव्या वर्षी
डोक्यावर पाटी घेऊन आंजर्ल्यात दारोदार फिरत होती.
ती त्या कोष्टकात कुठल्या रकान्यात बसते
ते त्याला सापडलं नाही.

खाली एक ओळ होती:
वेदना व यातना, चाळीस हजार.
वेदना कळली, रात्री जागं ठेवते ती.
यातना वेगळी का?
तो बराच वेळ पेनचं टोपण काढत घालत राहिला.

लोकअदालतीच्या दिवशी व्हरांड्यात
विमा कंपनीचा देवस्थळी नावाचा पोरगा, घामेजलेला,
मांडीवर अकरा फायली.
तीन वीस, तो म्हणाला.
आणि मला एकदम ओळखीचं वाटलं सगळं.
लिलाव मी सातव्या वर्षापासून ऐकते.
जो उन्हाकडे बघतो त्याची मासळी स्वस्त जाते.
मी पंख्याकडे बघत बसले.
त्याने घड्याळाकडे बघितलं.
तीन ऐंशी.
मी पदर सारखा केला.
चार तीस, बाई, याच्यावर मला अधिकार नाही.
साहेबाला फोन लाव, म्हटलं,
आणि टेम्पोवाल्याला बोलाव, समोर बसूदे.
त्याची गरज नसते.
मला आहे.
तो कतारला गेलाय, वकील कानाशी म्हणाला,
क्रेनवर.
तिथे गाडी मागे घेताना म्हणे
मागे माणूस उभा करतात.

चार साठला तुटलं.

पण एकानेही विचारलं नाही
की अंगठा करत काय होता.
सरंग्याच्या पाठीवर दाबायचा, जरा दमाने.
पडलेला खड्डा आपसूक भरून आला
तर मासळी आजची.
खड्डा तसाच राहिला तर कालची,
मग कल्ले कितीही लाल दाखवोत.
अंधारात, कंदील न घेता सांगायचे मी.
याला ते भरपाई म्हणतात ना,
तो शब्द आमच्यात आधीपासून होता, फक्त माशाला लावायचो.

मग कारकुनाने पॅड पुढे केलं.
सही येते? यायची, म्हटलं, आता पेन धरत नाही.
मग ठसा द्या. डावा नको,
बाईचा उजवा लागतो.
म्हणाला आणि मग त्याने बघितलं.
पॅड हळूच पलीकडे सरकवलं,
चुकलं, म्हणाला.
तीन वर्षांत तेवढा एकच माणूस चुकलं म्हणाला.
‘पूर्ण व अंतिम’ लिहिलं होतं त्याखाली
मी डावा टेकवला.
शाई संध्याकाळपर्यंत निघाली नाही,
खोबरेल लावलं तरी.

चेक अजून यायचाय, साठ दिवस म्हणतात.
काल लिलावात डाव्याने सरंगा दाबून बघितला.
खड्डा भरला की मलाच तसं वाटलं,
कळेना.
शेजारच्या भिकीला म्हटलं, तू बघ गो.
तिने बघेपर्यंत दोनदा पुकारा झाला होता.
मी बोली लावली.
थोडी चढीच गेली असेल.