दर शंभर ग्रॅममागे

स्पॉल्डिंगच्या दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ पोरीनं,
टॅमसिन तिचं नाव,
कागदावर मधोमध एक रेघ मारली.
डावीकडे अंडं, उजवीकडे कोबी,
जसे काही दोघे शेजारी
बांधाच्या भांडणापायी कचेरीत आलेले.

प्रथिनं : अंड्यात साडेबारा ग्रॅम, कोबीत सव्वा.
क जीवनसत्त्व : कोबीत छत्तीस मिलिग्रॅम, अंड्यात शून्य.
चोथा : अंड्यात शून्य.
बी-ट्वेल्व्ह : कोबीत शून्य.
शून्य असं ठळक लिहायची
तिची पद्धत मला आवडली.
मीही चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात
मिलिग्रॅमांच्या संगतीत काढली आहेत;
शून्य दिसलं की मी थांबतो.

"एका अंड्याइतकं प्रथिन हवं, मिसेस कॅम्बेटी,
तर अर्धा किलो कोबी खावा लागेल."
खांबेटे, मी म्हणालो.
प्रमिला म्हणाली, "खाईन की.
कोबीला काय तोटा आहे इथे?"

खरंच तोटा नाही.
सपाट, काळी, समुद्राकडून मागून घेतलेली जमीन,
आणि क्षितिजापर्यंत हिरव्या डोक्यांच्या रांगा,
हजेरी घ्यायची कुणी विसरून गेल्यासारख्या.
जानेवारीत ग्राझिना आणि तिच्या मैत्रिणी
पिवळ्या रेनकोटात वाकून कापत जातात;
ट्रेलरनं वळणावर हिसका खाल्ला
की दोनचार गड्डे रस्त्यावर.
ते उचलणं चोरी की काय
हे आम्ही अजून ठरवलेलं नाही.

आणि अंडी डोरीनच्या फाटकापाशी.
लाकडी पेटी, सहाला दीड पौंड,
पैसे डब्यात टाका, कुणी बघत नाही.
कुणी बघत नाही असंच मलाही वाटायचं
गॅरेजमध्ये, कॅम्पिंगच्या स्टोवर,
दांडी तुटलेल्या पातेल्यात
दर रविवारी दोन अंडी उकडताना.
टरफलं डोरीनच्या गुलाबांना.
घरात शिरताना बडीशेप.

मागच्या हिवाळ्यात प्रमिलाच्या पायात गुठळी झाली.
तेव्हापासून वॉरफरिन, आणि महिन्याला रक्त.
आणि कोबीत के जीवनसत्त्व, गोठवणाऱ्यांच्या बाजूचं.
"बंद करू नका," टॅमसिन म्हणाली,
"फक्त रोज सारखाच खा.
एक दिवस ढीग, एक दिवस उपास, असं नको.
रक्ताला अंदाज यायला हवा."

परतताना गाडीत प्रमिला तेच घोळवत होती.
रक्ताला अंदाज यायला हवा.
मग एकदम, सिग्नलला :
"रविवारी साडेदहाला तुम्ही बडीशेप खाता.
एक्क्याऐंशी सालापासून."
दिवा हिरवा झाला.
मागच्यानं भोंगासुद्धा वाजवला नाही,
बसून राहिला बिचारा, आम्हा दोघांमागे.

आता मी रोज वजन करतो
दुकानातून आणलेल्या जुन्या काट्यावर :
ऐंशी ग्रॅम कोबी, बारीक चिरलेला.
ती फोडणी घालते. मोहरी, हळद, हिरवी मिरची
आणि मूठभर भिजवलेली हरभऱ्याची डाळ.
डाळ!
टॅमसिनच्या कागदावर तिला रकानाच नव्हता.
मी रेघेवरच लिहिली, पेन्सिलीनं,
आडवी मावेना म्हणून उभी.
बी-ट्वेल्व्हचं शून्य मात्र तसंच राहिलं;
त्याच्यासाठी सकाळी एक गोळी, माझ्या हातून.

अंडं ती खात नाही. खाणारही नाही.
पातेलं अजून गॅरेजमध्येच आहे,
ते आत आणायचा विषय कुणी काढलेला नाही.
पण परवाच्या रविवारी, धुकं इतकं
की शेतं दिसेनात, नुसता कोबीचा वास,
मी स्टो पेटवायला गेलो तर
खुंटीवर माझी लोकरी टोपी
आणि स्टोशेजारी मिठाची पुडी,
तिच्या हातच्या घडीची, चौकोनी,
आत मिरपूडसुद्धा.