उलटी चढलेली रेघ

सकाळी सहाला शाळेची भट्टी पेटवतो मी.
दोन बादल्या कोळसा, मूठभर काटक्या,
आणि नारिन नदीच्या वरच्या अंगाचा तो वारा,
जो धूर पुन्हा आत ढकलतो.
शिकवायचं काम सायकालबाईंचं.

मंगळवारी त्यांनी काचेची बाटली मागितली.
व्होडकाची होती. लेबल नखाने खरवडून काढलं मी,
पोरांसमोर बरं दिसत नाही.
आयपेरीने घरून बीट उकडून आणलं;
तिची बोटं लाल, बाही लाल, एक कानही.
ते लाल पाणी बाटलीत काठोकाठ,
बुचाला भोक तापल्या खिळ्याचं,
खिळा माझ्याच भट्टीत तापलेला.
भोकात पेनची रिकामी नळी,
कडेने घट्ट कणीक.
उलुकने नळीमागे कागदाची पट्टी लावून खुणा केल्या,
दोन खुणांतलं अंतर दर वेळी निराळं.

भट्टीजवळ ठेवली, लाल रेघ वर.
खिडकीबाहेर ठेवली, रेघ खाली.
‘थंडी म्हणजे खाली’
एरजिगितने वहीत लिहून टाकलं,
जणू आता या विषयात काही उरलं नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी रेघ थांबली.
आणि मग चोरपावलांनी
वर
सरकू लागली.
बाहेर तर माझ्या मिशा गोठत होत्या.

बाटली खोटं बोलते, एरजिगित म्हणाला.
खुणा चुकल्या असतील, उलुक म्हणाला;
त्याने काही कबूल केल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.
आयपेरी रडवेली: बीट शिळं होतं का?
बाईंनी पुस्तक उघडलं, चाळलं, मिटलं,
आणि फळ्यावर लिहिलं,
मला माहीत नाही.
एवढ्या ठळक अक्षरांत त्यांनी
स्वतःचं नावही कधी लिहिलं नव्हतं.

मी दाराशी, हातात बादली.
लहानपणी एका जानेवारीत
घोड्यांचं बिडाचं कुंड रात्रीत उकललं होतं.
बापाने लोखंडाला शिव्या घातल्या,
विकणाऱ्याला घातल्या, त्याच्या गावाला घातल्या.
सत्तेचाळीस वर्षं मीही लोखंडालाच दोष देत आलो.
आणि आता ही रेघ.
ओठांवर आलं. गिळलं.
काचेला नऊ नाकं चिकटली होती,
वाफेचे नऊ गोल, लहानमोठे.
त्यांच्या मध्ये मी कोण पडणार?

बुधवारी पहाटे आलो तर
खिडकीखाली काचा,
आणि काचांच्या मधोमध
बाटली उभी. बाटलीशिवायची.
लाल, खांद्यासकट, गळ्यासकट,
टोकाला बुचाची टोपी तिरकी.

झाडू घेतला आणि परत ठेवला.
कुत्रं येऊ नये म्हणून
शेजारीच उकिडवा बसून राहिलो, हात काखेत घालून,
पहिलं पोर दिसेपर्यंत.
आयपेरीच होती ती. धावत आली, थबकली,
मग हातमोजा काढून एका बोटाने
त्या लाल खांद्याला हात लावून पाहिला,
आणि बोट चोखत माझ्याकडे बघितलं.
‘आतून कोणी ढकललं?’

भट्टी त्या दिवशी नऊला पेटली.
तक्रार कोणी केली नाही.