मेण उकळू देऊ नका

शाउल्यैमध्ये डिसेंबरात दुपारी चारलाच दिवस मिटतो
आणि स्काइस्ते दुवे गोळा करायला बसते.
चौथा मजला. हीटरवर वाळत घातलेले मोजे.
राईच्या पावाचा तुकडा कीबोर्डपासून हातभर लांब,
मागच्या खेपेला ‘एंटर’खाली चुरा गेला होता.

लीड्सची एक गाद्यांची कंपनी आहे.
शोधलं तर सापडते चौदाव्या क्रमांकावर,
म्हणजे दुसऱ्या पानावर, म्हणजे कुठेच नाही.
तिला वर चढायचंय.
पण ही शिडी स्वतःच्या पायांनी चढता येत नाही,
इतरांनी तुमच्याकडे बोट दाखवावं लागतं.
जितकी बोटं तितक्या पायऱ्या.

स्काइस्ते बोटं मिळवून देते.
रोज एकशे चाळीस पत्रं : “तुमचा लेख मनापासून आवडला.”
(लेख न वाचता. सुरुवातीला वाचायची.)
तिघं उत्तर देतात. दोघं दर विचारतात.
तिसरा शिव्या घालतो, त्यालाही ती आभार कळवते.

माझ्या भाषेत हा शब्द एकच :
दुवा जोडणारा, आणि दुवा आशीर्वादही.
तिच्या भाषेत दोन वेगळे.
म्हणून तिला शांत झोप लागते, असं मी लिहिणार होते,
पण लागत नाही.

कधी कधी मेलेल्या साइट्स लिलावात निघतात.
मालक गेला, भाडं थकलं, नाव मोकळं झालं.
जगाची बोटं मात्र अजून तिकडेच रोखलेली,
घर पाडलं तरी वळणावरची पाटी राहते तशी.
असं एक नाव तिने बासष्ट युरोंना उचललं :
ब्रोन्युस, अकॉर्डियन दुरुस्ती, योनिश्किस.
जुनी प्रत उघडली. पिवळं पान, निळी अक्षरं,
फोटोत उसवलेला भाता आणि कुणाचा तरी अर्धा अंगठा.
“सुराची पट्टी सैल झाली तर मेणात थोडी राळ घाला.
आच मंद. मेण उकळू देऊ नका.
घाई असेल तर आज दुरुस्तीला बसूच नका.”

या पानाकडे बोट दाखवणारे एकतीस जण :
कोत्काचा एक दुकानदार, पारानातली संगीतशाळा,
एक पाद्री, ज्याने नुसतं लिहिलंय, “हा माणूस खरं सांगतो.”
एकानेही पैसे घेतले नव्हते.
दराच्या रकान्यात ओळीने एकतीस शून्यं भरताना
आपलं काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहिलं.

काम तर करायचं होतंच.
तिने मजकूर रचला : दिवसभर वाजवून पाठ धरते,
पाठीला हवी चांगली गादी. ‘गादी’वर दुवा.
तो खाली चिकटवला. वर मेणाचं पान
अक्षरन्‌अक्षर परत लावलं, अंगठ्यासकट.
हे ऑफिसने सांगितलं नव्हतं.

नाव विकत घेतलं की त्या पत्त्यावरची पत्रंही येतात.
जानेवारीत कोत्काहून आलं :
“ब्रोन्युस, दोन वर्षं तुझं पान उघडत नव्हतं.
आज उघडलं. बरा आहेस ना? ताइस्तो.”

चार दिवस तिला उत्तर लिहिता येईना.
मग योनिश्किसच्या चर्चला फोन केला,
तारीख विचारली, आणि लिहिलं :
“ते गेले. परवाच्या साली, ऑक्टोबरात. मी त्यांची कुणी नाही.
मी फक्त नाव घेतलंय.”

ताइस्तोचं उत्तर रात्रीच आलं.
“कळवलंस ते बरं केलंस.
त्याच्याकडे जाणारी वाट मी माझ्या पानावरून काढत नाही.
आणि ती खालची गादी,
खरंच चांगली आहे का? माझी पाठ सत्तर वर्षांची आहे.”

स्काइस्ते त्या गादीवर कधी झोपली नव्हती.
तिने तसंच कळवलं.

मार्चपर्यंत लीड्सवाले नवव्यावर आले.
वर्षाने करार संपला, नाव सोडून द्या म्हणाले.
नूतनीकरण : अकरा युरो.
तिने स्वतःचं कार्ड काढलं.
गादीची ओळ पुसली.
त्या जागी काही घातलं नाही.