दिवे लावले

एकतीस वर्षं मी उपकेंद्रात काढली,
कोक्कोलाच्या बंदरामागे, जिथे तारा वाऱ्यात दात खातात.
एकशे दहा हजार व्होल्ट.
नोंदवहीत बिघाडाची वेळ, जागा, कारण,
आणि कारणाच्या रकान्यात माझ्या अक्षरात
मानवी चूक. मानवी चूक.
माणूस दर वेळी दुसरा.

आता स्वयंपाकघराचं टेबल, फेब्रुवारी,
आणि नऊ व्होल्टची बॅटरी,
जिला लहानपणी आम्ही जीभ लावून बघायचो.

भाचा म्हणाला होता, मावशी,
विकतचा फझ पेडल फार महाग,
आणि तुला तर सगळं येतं.
तुओमोच्या त्या शेवटच्या चार शब्दांवर
मी चष्मा पुसला.

डाग देता देता पहिला डाग टेबलाला पडला.
दुसरा अंगठ्याला: सोल्डरिंग आयर्न घरंगळलं
आणि मी ते झेललं,
पडता कप झेलावा तसं, चटकन, कौतुकाने.
ज्याचं जळतं त्यालाच कळतं,
आणि त्यालाही अर्ध्या सेकंदाने.

वायरीवर आधी सरकवायची काळी नळी
जोड पक्का झाल्यावर बशीत दिसायची.
सहा वायरी. सहा वेळा.

डबीला भोकं पाडली ती आतून आखून,
म्हणजे आरशातली.
जिथून सूर आत जायचा तिथून आता बाहेर येणार होता.
मी वर आकाशी रंगाचे तीन हात दिले,
चेहरा नीट धुतला की नाक वाकडं दिसत नाही
अशा समजुतीने.

मग बटण दाबलं.
दिवे लावले म्हणतात ते हेच.
एकच होता, लाल, डाळीएवढा,
उलटा बसवलेला,
तोही लागला नाही.

शेजारची राउनी कॉफीला आली,
डबीकडे बघितलं, माझ्या अंगठ्याकडे बघितलं,
आणि दालचिनीच्या पावाबद्दल बोलली.
आमच्याकडे न विचारणं हीच माया.

दिवा फिरवला. लागला. आवाज नाही.
ट्रान्झिस्टर काढले, घातले, परत काढले.
आवाज नाही.
तेव्हा मी ब्रेमेनच्या दुकानदाराला पत्र लिहिलं,
हेर ब्र्युगेमान, तुमचा माल मेलेला आहे,
मी या धंद्यात एकतीस वर्षं होते.
ते वाक्य मी अधोरेखित केलं.
पट्टी लावून.

त्यांनी तीन नवे पाठवले, फुकट,
सोबत दिलगिरीची चिठ्ठी.
नवे बसवले. आवाज नाही.
बाहेर बर्फ ढकलणारं यंत्र गेलं,
त्याचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरला
आणि क्षणभर गिटारवर थांबला,
तिच्या त्या छोट्या गोल बटणावर,
जे मीच, धूळ पुसताना,
शून्यावर नेऊन ठेवलं होतं.
तीन आठवड्यांपूर्वी.

घरात कुणी नव्हतं.
तरी मी पडदा ओढला.

पोस्टकार्डावर फार जागा नसते, बरं झालं.
तुमचा माल उत्तम होता. गिटार शून्यावर होती. पिर्यो.
उलट टपाली उत्तर आलं:
यंदाचं हे सातवं. मार्च अजून जायचाय.

तुओमोने सुट्टीत येऊन वाजवला.
केबल उलट्या बाजूंनी लावाव्या लागतात, हे त्याने न बोलता शोधलं.
फझ असा आला की खिडकीतली जिरॅनियम थरथरली
आणि राउनीने भिंतीवर ठोकलं,
एकदा, म्हणजे छान.

फक्त तो थांबला की डबी गुणगुणते,
आणि कुणी बोट टेकवलं की गप्प होते.
का ते मला माहीत आहे.
जॅकखाली माझेच तीन हात रंग,
अर्थिंग कुठेच पोचत नाही.
कानशीने दोन मिनिटांचं काम.

एकतीस वर्षं पाटी होती,
हात लावू नका, चार मीटर दूर राहा.
रात्री मी ती डबी चालू करते,
गुणगुणू देते जरा,
मग तळवा ठेवते.

उद्या खरवडीन.
नोंदवहीत लिहिलंय तसं.
कारणाचा रकाना भरलाय.