ट्रेगेन्झाची वही

आठवडाभर बेंडिगोत खोगिरं शिवायचा,
खाणींच्या धुराखाली, बिनपाटीच्या दुकानात.
चामडं कुठे ताणतं, कुठे दगा देतं
ते बोटांना ठाऊक. म्हणूनच असेल,
शनिवारी मैदानाच्या मधोमध
तो लंबगोल, लहरी चेंडू
असा आपटायचा, की सरळ वर यायचा
विहिरीतून शेंदलेल्या पोहऱ्यासारखा,
आणि दोन्हीकडचे धिप्पाड गडी
त्याच्या डोक्यावरून झेपावायचे.

आधी नुसता घसा होता.
'सोड!' म्हटलं की खेळ थांबायचा.
थांबला तर.
शिट्टी नंतर आली, मेलबर्नहून, पोस्टाने.
आत वाळका वाटाणा.
पावसात तो फुगायचा
आणि पुन्हा घसाच.

एक गिनी, आणि दुसऱ्या वर्गाचं परतीचं तिकीट.
ईगलहॉकला बायकांनी टोपीच्या पिना टोचल्या.
इचुकाला छत्र्या, आणि एक मेलेला ससा.
कॅसलमेनला दोन घोडेस्वार शिपायांच्या मधून
स्टेशनावर नेत होते, तेव्हा
फाटकापाशी एका म्हातारीने विचारलं:
काय चोरलंस रे, पोरा?

पंचामुखी परमेश्वर म्हणतात.
परमेश्वराला कुणी असं
कुंपणावरून उडी मारायला लावल्याचं
ऐकिवात नाही.

लव्हडे, त्याची बायको,
पांढरे कपडे उकळत्या हंड्यात घालताना
डाग वाचायची:
हा चिखल, हे गवत, ही तंबाखूची पिंक.
हे रक्त. तुझं?
नाही.
मग ती काठीने हंडा ढवळायची.

वहीत तो फारसं लिहायचा नाही.
गाव. वारा कुठून. गोल किती. पैसे मिळाले की नाही.
एकोणीस हंगाम, तीनेकशे शनिवार,
सगळे शिसपेन्सिलीत.
फक्त एका पानावर, वाऱ्याच्या खाली, शाईने:
'चुकलो. झेल नव्हता.
चेंडू आधी जमिनीला लागला.
मी आणि मुल्काही, दोघांनीच पाहिलं.'

त्या झेलावर डिनी मुल्काहीने गोल मारला होता,
शेवटच्या मिनिटाला,
आणि गावाने त्याला खांद्यावर घेऊन
दारूच्या गुत्त्यापर्यंत मिरवलं होतं.

पुढे मुल्काही खाणीतच राहिला, खोकायला लागला.
दरवर्षी हंगाम संपला की दुकानात यायचा
घोड्याचा एक पट्टा घेऊन.
घोडा केव्हाच विकलेला.
पट्टा तुटलेला नसायचा.
ट्रेगेन्झा तो उजेडात धरायचा,
चांगले टाके उसवायचा
आणि पुन्हा शिवायचा, सावकाश, मेण लावून.
तेवढ्यात दोघं
पाऊस पडेल का, यावर बोलायचे.

पैसे घ्यायचा नाही.
मुल्काही ते काउंटरवर ठेवून जायचा.